‘वय झालं’ म्हणण्याआधी: रोजच्या खुणा कशा तपासायच्या आणि पुढं काय करायचं

किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी जन्मलेल्या लेकरांनी तिशी ओलांडली. बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो ज्यांना आठवतो, ते साठीच्या आसपास किंवा पुढं आहेत. आकडेमोड अशी बसल्याबसल्या होते. वय खरं कळतं ते दुसरीकडं. सुईत दोरा जाईनासा होतो. येळवशीला (वेळा अमावास्येला) रानात मांडी घालून जेवलं की उठताना हात टेकावा लागतो. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. एसटीत कंडक्टर न विचारताच म्हणतो, “आजोबा, आधार कार्ड काढा.”

अशा प्रत्येक खुणेवर घरात एकच निकाल लागतो: “वय झालं आता.” हा निकाल फार घाईचा आहे. काही खुणा खरंच वयाच्या असतात. तिथं साधन घ्यायचं आणि कामाला लागायचं. काही खुणा अंग न वापरल्याच्या असतात; दोन-तीन महिन्यांच्या सरावानं त्या बऱ्याच मागं हटतात. आणि काही वयाच्या नसतातच, ते दुखणं असतं आणि त्याला औषध असतं. सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते या तिसऱ्या जातीला पहिल्या जातीत ढकलल्यानं.

सुईत दोरा आणि गोळीच्या पाकिटावरची तारीख

डोळ्यातल्या भिंगाला जवळचं पाहताना फुगवटा यावा लागतो. चाळिशीनंतर ते ताठर होत जातं, म्हणून पेपर लांब धरावा लागतो. हे सगळ्यांना होतं. कोणत्याही व्यायामानं किंवा थेंबानं भिंगाचा गेलेला लवचीकपणा परत येत नाही. जवळचा नंबर साधारण असा चढतो: पंचेचाळिशीपर्यंत +१ ते +१.५, पन्नाशीला +१.७५ ते +२, साठीला +२.५. त्यानंतर तो फारसा वाढत नाही.

घरी तपासायचं असेल तर दिवसा दाराच्या उजेडात बसा. लांबचा चष्मा असेल तर तो डोळ्यावर ठेवा. पेपरातला बारीक मजकूर कोपरापासून मिटलेल्या मुठीइतक्या अंतरावर, म्हणजे ३५ ते ४० सेंटिमीटरवर धरा. आता एक डोळा तळहातानं झाकून दुसऱ्यानं वाचा, मग उलट करा. हे एकेक डोळा झाकणं बहुतेक जण टाळतात आणि तिथंच चुकतं. एका डोळ्याची नजर हळूहळू गेली तरी दुसरा सांभाळून घेतो आणि वर्षभर कळत नाही.

आठवडी बाजारात मिळणारा तयार चष्मा वाईट नसतो, पण त्याच्या दोन्ही काचा सारख्या नंबरच्या असतात. दोन्ही डोळ्यांची गरज सारखी असेल आणि तिरपा (सिलिंडरचा) नंबर नसेल तरच तो चालतो. दोन नंबरांत घोटाळा झाला तर कमी नंबरचा घ्या. जास्तीचा घेतला की वाचायचं नाकाजवळ धरावं लागतं आणि कपाळ दुखतं. हा चष्मा घालून चालायचं नाही. जमीन आहे त्यापेक्षा वेगळीकडं दिसते. दुहेरी चष्म्याचाही पायऱ्यांवर तोच त्रास होतो. खालच्या भागातून पायरी पुसट दिसते, म्हणून हनुवटी छातीकडं नेऊन वरच्या भागातून पाहावं. माहूरच्या किंवा तुळजापूरच्या पायऱ्या उतरताना नुसता लांबचा चष्मा बरा. देवगिरीच्या अंधारी वाटेत तर बॅटरी हवीच. साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीच्या मानानं साधारण एक तृतीयांश असतो.

म्हणून वाती वळायला, निवडायला, शिवायला छताचा बल्ब पुरत नाही. दिवा खांद्यामागून, हातभर अंतरावर हवा. सुईमागं पांढरा कागद धरा, दोरा तिरपा कापा. दोरा ओवायची पातळ तारेची चकती शिलाई सामानाच्या दुकानात मिळते, ती सरळ घेऊन टाका.

आता एक फसवी खूण. “आजीला परत चष्म्याशिवाय दिसायला लागलं” म्हणून घरात कौतुक होतं. बहुतेक वेळा हा मोतीबिंदू असतो. भिंगाचा गाभा घट्ट होऊन लघुदृष्टी येते, त्यामुळं जवळचं नीट दिसतं आणि लांबचं बिघडतं. साखर वरखाली होत असेल तरीही नंबर असा हलतो. सहा महिन्यांत दोनदा चष्मा बदलावा लागला तर चष्मेवाला बदलू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. मोतीबिंदू पिकायची वाट बघायची पद्धत जुनी झाली. रोजच्या कामाला अडू लागला की काढायचा. फार पिकला तर शस्त्रक्रिया उलट अवघड होते.

पुढच्या गोष्टी वयाच्या नाहीत, त्याच दिवशी दाखवायच्या: एका डोळ्यापुढं एकदम पडदा आल्यासारखं होणं, वीज चमकल्यासारखं दिसणं, दाराची सरळ चौकट वाकडी दिसणं, डोळा दुखून दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं. साखरेच्या रुग्णांनी डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्यावा, दिसायला चांगलं असलं तरी.

मांडीवरून उठताना

ही खूण सगळ्यांत जास्त मनाला लागते. पंगतीतून उठताना शेजारच्यानं हात पुढं केला की घास घशाखाली उतरत नाही. पण बरीच सुधारणा होण्यासारखी खूण हीच आहे. गुडघा आवाज करतो म्हणून सगळा दोष त्याला जातो. पुष्कळदा कमजोर झालेले असतात मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू. तिशीनंतर दर दहा वर्षांना स्नायू ३ ते ८ टक्के घटतात, साठीनंतर वेग वाढतो. खुर्ची, कमोड आणि मोटारसायकल आल्यापासून दिवसातून पन्नास वेळा होणारी उठबस गेली. शेतात खुरपणाऱ्या सत्तरीच्या बाईला जे जमतं ते गावातल्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला जमत नाही, ते यामुळं.

आधी मोजून घ्या. हात नसलेली, ४३ ते ४५ सेंटिमीटर उंचीची घट्ट खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. मधोमध बसा, हात छातीवर आडवे ठेवा. मोबाइलवर ३० सेकंद लावा आणि पूर्ण उभं राहून परत बसायचं, असं किती वेळा होतं ते मोजा. ६० ते ६४ वयाला पुरुषांचे १४ आणि बायकांचे १२ व्हायला हवेत. ६५ ते ६९ ला १२ आणि ११. ७० ते ७४ ला १२ आणि १०. यापेक्षा कमी भरले तर पडायची भीती जास्त आहे असं समजून सराव सुरू करायचा. हात टेकवल्याशिवाय एकदाही उठता आलं नाही तर गुण शून्य धरतात; त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त सुरुवात उंच बैठकीपासून करायची.

सराव सोपा आहे. एक दिवसाआड, ८ ते १० वेळा उठबस, मध्ये दोन मिनिटं थांबून असे दोन फेरे. दोन आठवड्यांनी तीन फेरे. खाली बसताना मनात तीनपर्यंत आकडे म्हणत सावकाश बसायचं. ताकद उठण्याइतकीच या बसण्यात तयार होते आणि धपकन बसणारे तीच घालवतात. नेहमी होणाऱ्या चुका अशा: झोका देऊन उठणं, गुडघे आत वळणं, पाय फार पुढं ठेवणं, श्वास कोंडणं. पावलं गुडघ्याच्या किंचित मागं, नाक गुडघ्यांच्या वर येईपर्यंत पुढं वाका आणि श्वास सोडत उठा. जमू लागलं की खुर्चीवरची उशी काढा, मग खुर्चीऐवजी बाज, मग चौरंग. दुसऱ्या दिवशी मांडी ठणकली तर चालतं. गुडघा सुजला, गरम झाला किंवा मध्येच अडकला तर थांबा आणि हाडांच्या डॉक्टरला दाखवा.

जमिनीवरून उठायची रीत वेगळी शिकावी लागते, कारण सरळ समोर उठायला गेलं की तोल जातो.

१. मांडी सोडा, एका कुशीला वळा, दोन्ही तळहात जमिनीवर टेका.
२. हात आणि गुडघ्यांवर या, जवळच्या खांबापर्यंत किंवा बाजेपर्यंत रांगत जा.
३. एक हात आधारावर ठेवा. जो पाय जास्त मजबूत तो पुढं घेऊन पूर्ण पाऊल टेका. मागच्या पायाची बोटं जमिनीत रोवा.
४. श्वास सोडत पुढच्या पायावर वजन देऊन उठा.
५. उभं राहिल्यावर दहा आकडे मोजा, मगच चाला.

हे घरात कोणी सोबत असताना आठवड्यातून दोनदा करून ठेवावं. एकटं असताना पडल्यावर हीच रीत उपयोगी पडते. तासन् तास जमिनीवर पडून राहिल्यानं पुष्कळ माणसं आजारी पडतात.

सराव केला आणि ताटात डाळ नसली तर स्नायू भरत नाहीत. उतारवयात किलोमागं रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. आपल्याकडं जेवण भरपूर दिसतं, पण त्यात भाकरीच जास्त असते. हिशेब असा: ज्वारीची एक मध्यम भाकरी ६ ते ७ ग्रॅम, तुरीच्या वरणाची घट्ट वाटी ६ ते ७, मूठभर शेंगदाणे ७, पेलाभर दूध ६ ते ७, वाटीभर दही ५, एक अंडं ६. भाकरी आणि ठेचा खाऊन, वर चहा पिऊन निजणाऱ्यांचा आकडा चाळीस ग्रॅमच्या घरातच अडकतो. रात्रीच्या भाकरीसोबत पिठलं किंवा मुगाचं वरण आणि दुपारी शेंगदाण्याची चटणी नव्हे तर मूठभर शेंगदाणे, एवढ्यानंच फरक पडतो. येळवशीची भज्जी, म्हणजे तूर-हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची मिसळ भाजी, या दृष्टीनं पहिल्या नंबरची आहे, फक्त ती वर्षातून एकदाच होते. साबुदाण्यात प्रथिनं नसल्यात जमा आहेत. उपवास करायचाच तर दही आणि शेंगदाणे सोबत घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब डॉक्टरला विचारूनच.

रात्री उठणं आणि न्हाणीतली घसरण

रात्री एकदा लघवीला उठणं उतारवयात नेहमीचं. तीन-चारदा होत असेल तर साखर, प्रोस्टेट, पायावरची सूज आणि संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी, हे चारही बघून घ्यावं. गोळीची वेळ सकाळी करता येते का ते डॉक्टरला विचारा, स्वतः बदलू नका.

उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते ती बऱ्याचदा रक्तदाब उतरल्यामुळं. घरी मोजायचं तर पाच मिनिटं पडून राहून एकदा मोजा, उभं राहून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं घसरला तर हा कागद घेऊन डॉक्टरकडं जा. तोवर बाजेवरून एकदम उठायचं नाही: पाय खाली सोडून मिनिटभर बसा, घोटे वरखाली हलवा, मग उभं राहा.

न्हाणीत गुळगुळीत शहाबादी आणि साबणाचं पाणी ही जोडी हाडं मोडते. खडबडीत रबरी चटई घाला, वापरानंतर ती उभी करून वाळवा; नाहीतर तिच्याखालीच शेवाळ धरतं. आधाराची दांडी जमिनीपासून ८० ते ९० सेंटिमीटरवर, विटेच्या पक्क्या भिंतीत लांब स्क्रूनं बसवलेली हवी. टॉवेलच्या दांडीला धरून उठू नये, ती तेवढं वजन झेलायला केलेली नसते. बाजेपासून मोरीपर्यंत एक छोटा दिवा रात्रभर चालू राहू द्या. बिलात तो जाणवतही नाही.

तोल तपासायला ओट्याजवळ उभं राहून एका पायावर दहा सेकंद थांबून बघा. जमलं नाही तर रोज दात घासताना हाताच्या आधारानं याचाच सराव.

टीव्हीचा आवाज आणि कूलर

वयानं आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. म्हणून स, श, च, ट निसटतात आणि “ऐकू येतं, पण काय म्हणाले ते कळत नाही” अशी तक्रार होते. लेकरांचं आणि सुनेचं बोलणं कळत नाही, शेजारच्या बाप्याचं कळतं. यात रुसवा नसतो, पट्टीचा फरक असतो. पत्र्याच्या खोलीत कूलर चालू असताना तर हे दुप्पट होतं. ओरडू नका. कूलर मिनिटभर बंद करा, समोर येऊन, तोंडावर उजेड असेल असं उभं राहून, सावकाश बोला.

आधी मळ आहे का ते कानाच्या डॉक्टरकडून बघून घ्या. काडी आणि हेअरपिननं मळ आत दाबला जातो, आणि पडद्याला भोक असेल तर गरम तेलानं कान वाहतो. मळ नसेल तर कानाची तपासणी करून ऐकण्याचा आलेख (ऑडिओग्राम) घ्या. श्रवणयंत्र घेतल्यावर पहिल्या आठवड्यात शांत खोलीत रोज दोन तास एवढंच लावा आणि जुळवणीसाठी तीन-चार वेळा जायची तयारी ठेवा. बरीच यंत्रं पहिल्याच दिवशी लग्नात लावून नेल्यामुळं पुढं डब्यात पडून राहतात. एका कानाचं एकदम ऐकू येईना झालं तर ते वय नाही. उशीर केला तर ते कायमचं जाऊ शकतं, म्हणून त्याच दिवशी जा.

तहान न लागणं

ही खूण कुणाच्या लक्षात येत नाही, आणि परभणी-नांदेडच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत तीच अंगावर येते. वयानं तहानेची जाणीव मंदावते, अंगातलं पाणी कमी झालेलं असतं आणि माणूस म्हणतो, “नको, तहान नाही.” म्हणून तहानेवर नाही, घड्याळावर प्यायचं: सकाळी उठल्यापासून दर दोन तासांनी एक पेला. लघवीचा रंग गडद पिवळा झाला तर कमी पडतंय. लग्नसराईत दुपारच्या मांडवात जायचं असेल तर आधी ताक. उलट्या-जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर फायद्याऐवजी अपाय होतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याचं माप डॉक्टर ठरवतात. उन्हातून आल्यावर माणूस बरळू लागला, अंग तापलेलं असेल तर अंगावर पाणी ओतत, वारा घालत दवाखाना गाठायचा.

विसरणं, दात, केस

पाव्हण्याचं नाव जिभेवर येऊन अडकणं आणि दोन तासांनी आठवणं, हे वय. किल्ली कुठं ठेवली ते विसरणं, हेही वय. रोजच्या वाटेवर चुकणं, आयुष्यभर केलेल्या आमटीत काय घालायचं ते न सुचणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारणं, हे वय नव्हे. त्यातही आधी बी-१२, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या आणि मनाची उदासी तपासायची, कारण ही चारही कारणं दुरुस्त होतात. शाकाहारी माणूस आणि साखरेसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारा, या दोघांत बी-१२ ची कमतरता नेहमी सापडते.

दात वयानं पडत नाहीत, हिरड्यांच्या रोगानं पडतात, आणि मिश्रीनं तो रोग लपून राहतो. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जाईनात किंवा जखम दोन-तीन आठवडे भरली नाही तर दातांच्या दवाखान्यात दाखवा.

केस काळे करणं हा ज्याचा त्याचा प्रश्न. कलप किंवा ‘काळी मेंदी’ लावायची तर आधी कानामागं थेंबभर लावून ४८ तास थांबा. खाज, पुरळ आली तर तो डबा फेकून द्या.

अंगठा उमटेना, आणि कागदावरचं वय

कापूस वेचून, भांडी घासून, सिमेंट कालवून बोटांच्या रेषा झिजतात, आणि वयानं कातडी कोरडी पडते. मशीनला रेषा दिसत नाहीत. दुकानदारावर चिडण्याआधी हे करा: हात कोमट पाण्यानं धुऊन पूर्ण पुसा. थेंबभर खोबरेल चोळा, दोन मिनिटांनी रुमालानं टिपून घ्या. तेलकट बोट उमटत नाही. मशीनची काच पुसायला सांगा. अंगठाच द्यावा असं नाही, दहाही बोटं लावून बघा. बऱ्याच जणांचं अनामिकेवर काम होतं. जोरात दाबलं की रेषा पसरतात, अलगद ठेवा. रेशन कार्डावर नाव असलेलं घरातलं दुसरं माणूसही बोट लावू शकतं.

निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्याला बोटाची गरजच उरलेली नाही. नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून दाखला काढता येतो. मोबाइलवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेसआरडी’ ही दोन ॲप घ्या. खिडकीकडं तोंड करून बसा, पाठीमागं उजेड नको; मोबाइल हातभर लांब, डोळ्यांच्या रेषेत धरा आणि सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करा.

एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे. ७५ च्या पुढं ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. बायकांना मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धंच लागतं, त्यामुळं त्यांना ६५ चं वेगळं कौतुक उरलं नाही. रेल्वेत ज्येष्ठांची भाड्याची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. तरी खालचा बर्थ पुरुषांना ६० आणि बायकांना ४५ वर्षांपासून मागता येतो. तिकीट काढताना वय बरोबर भरलं पाहिजे. ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात.

या सगळ्याला आधारवरची जन्मतारीख लागते आणि आपल्याकडं घोटाळा तिथंच आहे. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिला, म्हणून ३१ मेला निम्मं गाव निवृत्त होतं. शाळेत न गेलेल्यांची तारीख तर अंदाजानं टाकलेली. खरं वय काढायचं तर गावातल्या खुणांवर मोजा: निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी, म्हणजे सप्टेंबर १९४८ ला, पाळण्यात होते की चालत होते, बहात्तरला खडी फोडायला गेले की नुसती सुकडी खायला, किल्लारीच्या वेळी, ३० सप्टेंबर १९९३ ला, थोरलं लेकरू कितवीत होतं. तीन खुणा जुळल्या की वर्ष दोन-एक वर्षांच्या फरकानं निघतं. पण आधारवर दुरुस्ती या हिशेबावर होत नाही, कागदावर होते: जन्मदाखला किंवा मान्य यादीतला दुसरा पुरावा. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून शाळेचा दाखला, पॅन आणि बँकेतली नोंद समोर ठेवून तिन्हींवर एकच तारीख आहे का ते बघा आणि मगच केंद्रावर अर्ज द्या.